घरच्या खोलीत लाइट पेंटिंग: आधी अंधार, मग रेघ

नेरूळहून आपण विचारले आहे की दोन खोल्यांच्या घरात लाइट पेंटिंग, म्हणजे अंधारात शटर उघडे ठेवून हलत्या दिव्याने फोटोत चित्र काढणे, करता येते का, आणि येत असेल तर आपले फोटो का बिघडतात. आपल्याकडे किट लेन्सचा डीएसएलआर, ट्रायपॉड आणि अँड्रॉइड फोन आहे. शटर ३० सेकंद उघडे ठेवले की सगळे चित्र पिवळट होते आणि रेघा फिक्या पडतात. वेळ १० सेकंदांवर आणली की रेखाटन अर्धवट राहते. आणि दोन्ही वेळा रेघ सलग न येता ठिपक्याठिपक्यांची येते. शिवाय नववीतल्या मुलीला बरोबर घेऊन दिवाळीच्या सुटीत काहीतरी करावे, असा आपला विचार आहे. मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत राहतो आणि माझे बहुतेक लाइट पेंटिंग घराच्या दिवाणखान्यातच झालेले आहे. त्यामुळे खोली लहान असल्याची काळजी आपण सोडून द्यावी. कॅमेऱ्यापासून दोन-अडीच मीटर अंतर मिळाले तरी पुष्कळ होते.

आपल्या अडचणीच्या मुळाशी एक समजूत आहे. शटर जितका जास्त वेळ उघडे, तितकी रेघ जास्त उजळ, असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात तसे होत नाही. टॉर्च हलता असतो. त्याची प्रतिमा सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पाटीच्या, एखाद्या बिंदूवरून सरकून जाते त्या क्षणापुरताच त्या बिंदूला उजेड मिळतो. त्यानंतर शटर पाच सेकंद उघडे राहिले काय किंवा पाच मिनिटे राहिले काय, त्या बिंदूच्या वाट्याला टॉर्चचा आणखी उजेड येत नाही. म्हणजे रेघ किती उजळ येणार हे टॉर्चची ताकद, ॲपर्चर (लेन्सचे भोक; ‘एफ’ पुढचा आकडा जितका मोठा तितके ते लहान), आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) आणि आपल्या हाताचा वेग या चार गोष्टींवर ठरते. भिंत मात्र जागची हलत नाही. ती ३० सेकंद उजेड साठवत राहते आणि ६० सेकंद दिल्यास दुप्पट साठवते. वेळ वाढवून उजळते ती फक्त स्थिर राहिलेली वस्तू. आपले चित्र पिवळट झाले त्याचा दोष ३० सेकंदांकडे नसून खोलीत शिरणाऱ्या उजेडाकडे आहे, आणि तो काढायचा उपाय वेळ कमी करणे हा नव्हे.

म्हणून माझ्याकडे कोणी शिकायला आले की पहिल्या संध्याकाळी मी टॉर्च हातात देतच नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ आणि शटर ३० सेकंद ठेवावे, खोलीतले सगळे दिवे घालवावेत आणि कोणीही न हलता एक रिकामा फोटो काढावा. तो फोटो जवळजवळ काळा आला, तर आपला कागद तयार झाला. त्यात भिंत, कपाट किंवा पडद्याची किनार दिसत असेल, तर उजेड कुठून येतो ते त्याच फोटोत दिसते आणि ती फट बुजवता येते. आपल्या शहरांत हा उजेड बहुतेक खिडकीतूनच येतो. समोरच्या टॉवरच्या जिन्यातले दिवे, सोसायटीच्या आवारातला फ्लडलाइट, रस्त्यावरचे एलईडी हे सगळे साध्या पडद्यातून आरपार येतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे काळे कार्डपेपर सरकत्या खिडकीच्या काचांना आतून चिकटवावेत आणि वरून पडदा ओढावा. दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावावी. मग उरतात ते बारके चोर: राउटरचा हिरवा दिवा, एसीवरचा तापमानाचा आकडा, टीव्ही आणि स्टॅबिलायझरचा लाल ठिपका. डोळ्यांना ते क्षुल्लक वाटतात, पण ३० सेकंदांत एक लाल ठिपका पांढऱ्या भिंतीवर हातभर लाली पसरवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा त्यांना पुरतो. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर आपल्याच टॉर्चचा उजेड त्यांवरून उलटून येतो. पाठीमागे काळी घोंगडी टांगणे हा त्यावरचा माझा जुना आणि अजून न हरलेला उपाय आहे. लोकरीच्या घोंगडीला चकाकी नसते, त्यामुळे साटीनच्या काळ्या पडद्यापेक्षा ती कितीतरी बरी.

अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल. जिथे उभे राहून चित्र काढणार तिथे कोणाला तरी टॉर्च धरून उभे करावे, ऑटोफोकसने फोकस घ्यावा आणि लगेच लेन्सवरचे बटण मॅन्युअल फोकसवर सरकवावे. लेन्समध्ये स्थिरीकरणाची, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची, सोय असेल, तर ट्रायपॉडवर ती बंद ठेवावी. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेचा मेळ) ऑटोवर न ठेवता एकच निवडावा, नाहीतर दर फोटोत रेघेचा रंग बदलतो. ३० सेकंदांहून अधिक वेळ हवा असल्यास बल्ब मोड (बटण दाबलेले असेल तोवर शटर उघडे) आणि रिमोट लागेल, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. १० सेकंदांचा सेल्फ-टाइमर लावून आपल्या जागी जाता येते. फोटो झाल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा अडून बसत असेल, तर तो बिघडलेला नाही. लाँग एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवलेल्या फोटोत, दिसणारा दाणा (रवाळपणा) कमी करण्यासाठी तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळेचा दुसरा फोटो घेत असतो. सरावाच्या काळात ती सोय बंद करावी, म्हणजे निम्मा वेळ वाचतो.

आता ठिपक्यांविषयी. आपल्या हाताचा यात दोष नाही. तीन बटणदाबांचा टॉर्च, म्हणजे एकदा दाबला की प्रखर, दुसऱ्यांदा मंद आणि तिसऱ्यांदा लुकलुकता, असा आपला टॉर्च असावा असा माझा अंदाज आहे. अशा पुष्कळ टॉर्चमध्ये मंद उजेड हा खरा मंद नसतोच. एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद होत असतो आणि डोळ्यांना त्याची सरासरी दिसते. हात फिरू लागला की ती उघडझाप कॅमेऱ्यात ठिपके होऊन उतरते. घरच्या विजेवर चालणाऱ्या स्वस्त माळांचेही तेच. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, आणि हात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरला तर दर सेंटिमीटरला एक तुकडा पडतो. कोणता दिवा सलग जळतो हे तपासण्याची सोपी रीत अशी: दिवा टेबलावर स्थिर ठेवावा, शटर एक सेकंद ठेवावे आणि फोटो घेताना कॅमेराच हातात धरून आडवा फिरवावा. रेघ अखंड आली तर दिवा कामाचा. टॉर्च नेहमी प्रखरवर ठेवून त्यावर बटर पेपरच्या घड्या लावाव्यात. माझा सर्वांत आवडता दिवा तर याहून साधा आहे. ५ मिलिमीटरचा एक पांढरा एलईडी घ्यावा, त्याच्या दोन तारा ३ व्होल्टच्या चपट्या गोल सेलच्या दोन बाजूंना दाबून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. काही रुपयांत अगदी सलग जळणारा दिवा होतो. फक्त ते सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळले गेल्यास ते फार गंभीर इजा करतात.

आपल्याला खटकलेले हे ठिपके कोणी मुद्दाम पाडले असतील, यावर विश्वास बसणार नाही. पण अमेरिकेत १९१० च्या दशकात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने नेमके तेच केले. कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून, ते ठरावीक गतीने लुकलुकते ठेवून त्यांनी लाँग एक्स्पोजरचे फोटो काढले आणि रेघेतले तुकडे मोजून हाताला कुठे किती वेळ लागतो ते काढले. त्याही आधी, १८८९ मध्ये, पॅरिसला हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी यांनी चालत्या माणसाच्या अंगावर दिवे बांधून त्याच्या चालीची रेघ टिपली होती. म्हणजे या कलेचा जन्म चित्रासाठी झालाच नाही, हालचाल मोजण्यासाठी झाला, आणि अजूनही आपल्या हाताचा वेग ती जशाचा तसा दाखवते. हात जिथे रेंगाळतो तिथे रेघ जाड होऊन गाठ पडते, जिथे झपकन जातो तिथे ती बारीक होते. वेग दुप्पट केला की उजेड निम्मा होतो. बोरूने अक्षर गिरवताना शाईचे जे भान ठेवावे लागते, तेच इथे वेगाचे ठेवावे लागते.

अक्षरांवरून सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकजण पहिल्यांदा स्वतःचे नावच लिहितात. कॅमेऱ्याकडे तोंड करून हवेत नेहमीसारखे लिहिले की कॅमेऱ्याला ते आरशातल्यासारखे उलटे दिसते. नंतर फोटो आडवा पलटला की अक्षर सुलटे होते, त्यामुळे उलटे लिहिण्याचा सराव करण्याची गरज नाही. अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार मॅन रे यांनी १९३५ मध्ये टॉर्चने हवेत रेघा ओढून स्वतःचा एक फोटो काढला होता. त्या रेघा म्हणजे निव्वळ गिरगटा समजला जात असे, आणि २००९ मध्ये एलन केरी या छायाचित्रकार बाईंनी तो आरशासमोर धरला तेव्हा ती मॅन रे यांचीच सही निघाली. देवनागरीत खरी अडचण उलटेपणाची नसून हात उचलण्याची आहे. रोमन लिपीतले एकमेकांना जोडलेल्या अक्षरांचे वळण एका दमात काढता येते, आपले नाही. ‘ठाणे’ हा शब्द घ्या. ठ ची दांडी आणि गोल मिळून एक फटकारा, काना दुसरा, ण चा वाडगा तिसरा, त्याची दांडी चौथा, मग शिरोरेघ आणि शेवटी मात्रा: एकूण सहा फटकारे, आणि मधे पाच वेळा दिवा झाकायचा. टॉर्चचे बटण पाच वेळा दाबत बसल्यास हात हलतो, म्हणून मी दिवा अंगठ्याखाली झाकतो. शिरोरेघ शेवटीच द्यावी. सगळ्या अक्षरांची डोकी एका उंचीवर राहावीत म्हणून कॅमेऱ्यात न येईल अशा बेताने कपाळाच्या उंचीवर एक काळा दोरा आडवा ताणून ठेवावा आणि हात वर जाताना तो मनगटाला लागू द्यावा. पायाखालीही तसेच: जिथे उभे राहायचे तिथे फरशीवर सुतळीचा तुकडा चिकटवावा, अंधारात तळव्याला तो बरोबर सापडतो. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि गडद असावेत. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात. आपण स्वतः हलत राहिल्यामुळे फोटोत उमटत नाही, फक्त दिवा आणि लेन्स यांच्या मधे अंग येऊ देऊ नये.

माणूस दाखवायचा असेल तर त्याला एकदाच क्षणभर उजेड द्यावा. छायाचित्रकार ग्यॉन मिली यांनी १९४९ मध्ये फ्रान्समध्ये चित्रकार पिकासोंचे जे फोटो काढले, त्यांत पिकासो अंधाऱ्या खोलीत छोट्या दिव्याने हवेत चित्र काढतात आणि फ्लॅशच्या एका लखलखाटात ते स्वतःही टिपले जातात. घरी मुलीला खुर्चीवर बसवून, शटर उघडल्याबरोबर बाजूने एकदा फ्लॅश मारावा किंवा टॉर्च अर्धा सेकंद चेहऱ्यावर फिरवून विझवावा, आणि मग तिच्याभोवती रेघा ओढाव्यात. तिने मात्र दगडासारखे बसायला हवे.

दिवा कॅमेऱ्याकडे न रोखता वस्तूवर फिरवण्याचा प्रकार मला स्वतःला अधिक जवळचा आहे, आणि घरात तो फारच छान साधतो. माझ्या आजीचे तांब्याचे घंगाळ मी अनेकदा असे रंगवले आहे. खोलीतला ट्यूबलाइट लावून फोटो काढला तर ते एक सपाट तपकिरी भांडे दिसते. अंधारात एफ/११ वर शटर उघडून, काळ्या कागदाची नळी लावलेला टॉर्च त्याच्या काठालगत, जवळजवळ आडवा धरून फिरवला, की तांबटाने घातलेला एकेक ठोका आपली सावली घेऊन वर येतो. उजेड समोरून टाकला तर ते ठोके मावळतात, बाजूने टाकला तर उगवतात. टॉर्च एका जागी थांबू देऊ नये, भिंतीला हात मारताना ब्रश जसा फिरतो तसा तो फिरता ठेवावा आणि मनात सेकंद मोजावेत: कडेला चार, पोटाला सहा, मागच्या भिंतीला दोन. आकडे वहीत लिहून ठेवले तर दुसऱ्या दिवशी तेच चित्र सुधारून काढता येते. धातूत टॉर्चचे पांढरे टिंब चमकत असेल तर नळीच्या तोंडाशी बटर पेपर लावावा.

दिवाळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. फुलबाजीने रेघा सुंदर येतात, पण ती घरात नको. तिचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि धूर बंद खोलीत कोंडतो. इमारतीच्या मोकळ्या आवारात, सुती कपडे घालून, शेजारी पाण्याची बादली ठेवून ती वापरावी; तिचा उजेड प्रखर असल्याने एफ/११ पासून सुरुवात करावी. तारेचा काथ्या (स्टील वूल) पेटवून फिरवण्याचे जे फोटो दिसतात ते घरात, गच्चीवर किंवा आवारात कधीही करू नयेत. त्याच्या जळत्या ठिणग्या दूरवर उडतात. लेझरचा झोत लेन्समध्ये गेल्यास सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, तेव्हा तोही टाळावा.

मुलीबरोबर करण्यासाठी मी लंबकाचे चित्र सुचवेन. शाळेत तिने दोलक पाहिलेला असेल. हा त्याचाच भाऊ आहे, फक्त दोन ठिकाणी टांगलेला. आमच्यासारख्या जुन्या घरांत छताला झोपाळ्याच्या कड्या असतात. आपल्याकडे त्या नसल्यास कपडे वाळत घालण्याच्या छताच्या दांडीचे दोन हूक चालतील, पंख्याला मात्र काही टांगू नये. दोन कड्यांना एका दोऱ्याची दोन टोके बांधून त्याचा इंग्रजी व्ही सारखा आकार करावा, त्याच्या टोकाशी गाठ मारावी आणि गाठीपासून एकेरी दोरा खाली सोडून त्याला पेन टॉर्च घट्ट बांधावा, तोंड जमिनीकडे. टॉर्चच्या काचेवर काळी टेप लावून सुईने एकच भोक ठेवावे. आता हा टॉर्च कड्यांच्या रेषेत हलवला तर फक्त गाठीखालचा दोरा झुलतो, आणि आडव्या दिशेने हलवला तर कडीपासूनची सगळी लांबी झुलते. एकाच टॉर्चला दोन वेगवेगळ्या लांबीचे लंबक मिळाले. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून कड्यांच्या रेषेपासून टॉर्चपर्यंतची उभी उंची १८० सेंटिमीटर आणि गाठीपासून टॉर्चपर्यंत ८० सेंटिमीटर ठेवली, की प्रमाण ९ ला ४ होते आणि त्याचे वर्गमूळ ३ ला २. लांब लंबकाचा एक झोका सुमारे २.७ सेकंदांचा, आखूडचा १.८ सेकंदांचा, पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचे तीन झोके होईपर्यंत सुमारे ५.४ सेकंद जातात आणि टॉर्च पुन्हा मूळ जागी येतो. ३० सेकंदांत असे पाच फेरे होतात, आणि हवेच्या अडथळ्याने प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा किंचित लहान पडत गेल्याने रेघांची जाळी विणली जाते. अशाच दोन ठिकाणी टांगलेल्या लंबकाच्या वळणांचा अभ्यास नॅथॅनियल बाउडिच या अमेरिकन गणितज्ञाने १८१५ मध्ये केला होता. पुढे १८५७ मध्ये ज्यूल लिसाजू यांनी आरसे आणि ध्वनिकाटे (ट्यूनिंग फोर्क) वापरून तीच वळणे भिंतीवर दाखवली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

टॉर्च तिरका ओढून नुसता सोडला तर रेघ ज्या वाटेने गेली त्याच वाटेने परत येते आणि आकार उघडत नाही. सोडताना बोटाने बाजूला अगदी हलकासा धक्का दिला की फास मोकळे होतात. ही बोटातली नजाकत आहे आणि ती दहा-बारा प्रयत्नांनी येते. गाठीखालची लांबी ८० ऐवजी ८२ केली तर फेरे एकमेकांवर न बसता हळूहळू सरकतात, आणि मला तर ती चुकलेली जाळीच अधिक देखणी वाटते. पंखा आणि एसी बंद हवेत, वाऱ्याच्या झुळकीने रेघ थरथरते. बंद खोलीत आपल्याकडच्या दमट हवेने जीव घाबरा होतो, म्हणून पाच-सहा फोटोंनंतर दार उघडून थांबावे. कॅमेरा थंडगार एसीच्या खोलीतून आणला असेल तर लेन्सवर दव धरते. अर्धा तास आधीच तो बाहेर काढून ठेवावा.

या चित्रासाठी आपला फोन चालतो, आणि ट्रायपॉडही लागत नाही. टॉर्चच्या बरोबर खाली घोंगडी अंथरावी आणि तिच्यावर एक वही ठेवून फोन स्क्रीन खाली, कॅमेरा वर असा ठेवावा. घोंगडी नसेल तर चकचकीत फरशीवरून उजेड उलटून छत पांढरे करतो. नाइट मोड वापरू नये, कारण तो एका लांब फोटोऐवजी अनेक छोटे फोटो जोडतो आणि रेघ तुटते. प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवतो त्या मोडमध्ये, शटर ३० सेकंद, आयएसओ जो सर्वांत कमी असेल तो, बहुधा ५०, आणि टायमर १० सेकंद ठेवावा. टॉर्च स्थिर लोंबत असताना त्यावर फोकस घेऊन तो कायम करावा. फोनचे ॲपर्चर एफ/१.८ च्या आसपास असते आणि बहुतेक फोनांत ते बदलता येत नाही. आपल्या कॅमेऱ्याच्या एफ/८ आणि आयएसओ १०० शी तुलना केली तर आयएसओ ५० वरही फोनमध्ये रेघ सुमारे १० पट उजळ येते. तेव्हा टॉर्चच्या भोकावर बटर पेपरच्या तीन-चार घड्या द्याव्यात आणि रिकामा काळा फोटो फोनवर पुन्हा तपासावा.

रंगासाठी जिलेटीन कागद लागेल. गणपती-दिवाळीच्या दिवसांत मखराच्या सजावटीच्या दुकानांत तो सुटा मिळतो. मी ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणतो. त्याचे दोन चौकोनी तुकडे कापून पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवावेत, एक नारिंगी आणि एक निळा, आणि ती पट्टी फोनच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या पुस्तकांवर आडवी टेकवावी, म्हणजे नारिंगी तुकडा लेन्सच्या वर येईल. शटर उघडल्यावर १५ पर्यंत मोजून मुलीने पट्टी सरकवून निळा तुकडा लेन्सवर आणायचा, फोनला हात न लावता. झोके तोवर लहान झालेले असतात, त्यामुळे बाहेरचे मोठे फास नारिंगी उमटतात आणि आतली दाट जाळी निळी.